भांडण मे महिन्यातच उरका: शेतकरी गटाच्या खरीप नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, धाराशिव, बीड, परभणी या पट्ट्यात गटशेती करणाऱ्यांच्या बैठकांना बसलं की तेच ते प्रश्न फिरून येतात. काही खरे असतात, तर काही नियोजन टाळायचं म्हणून काढलेले. दोन्हींची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं बहुतेक सोयाबीनची आहेत, कारण गटातलं निम्म्याहून जास्त रान त्याच पिकाखाली असतं. कापूस किंवा हळद घेणाऱ्यांनी तारखा आपापल्या पिकाप्रमाणे बदलून घ्याव्यात.

गटाचं नियोजन म्हणजे नेमकं काय ठरवायचं?

कोणतं काम, कुणी, कोणत्या क्रमाने करायचं आणि ते जमलं नाही तर पुढे काय, एवढंच. "यंदा सगळ्यांनी मिळून चांगलं पीक काढायचं" हा ठराव झाला, नियोजन नाही. "पहिला वाफसा, म्हणजे पावसानंतर पेरणीजोगी ओल, आला की ट्रॅक्टर आधी वरच्या बरडावर जाईल, तिथून पांदीच्या कडेने खाली येईल, बियाण्याला औषध चोळायचं काम या तिघी करतील आणि डिझेल हा आणेल" असं ठरलं की ते नियोजन. ऐकणाऱ्याला आपलं नाव आणि आपलं काम त्यात ओळखू आलं पाहिजे.

आमचे आजोबा इर्जिक करायचे. त्यांनी कुठे कागद केले होते?

हा प्रश्न बहुधा पारावर बसलेल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाकडून येतो, आणि तो चांगला आहे. इर्जिकीला कागद नव्हता, पण नेम होता. ज्याच्या रानात औतं जुंपायची त्याच्या घरी जेवण, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे. कुणी आपली जोडी आणली आणि कुणी नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक असायचं. सावडीतही तेच होतं: आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. नियम सगळ्यांना तोंडपाठ होते, म्हणून लिहावे लागले नाहीत.

आता बैलजोड्या थोड्या उरल्या आहेत. ट्रॅक्टर भाड्याचा, ड्रायव्हर परगावचा, मजूर गुत्त्याने घेतलेले, आणि गटातली दोन पोरं पुण्याला कंपनीत कामाला असून शेती फोनवरून बघणारी. यांना कुठला नेम तोंडपाठ असणार? म्हणून लिहायचं.

आधी ठरवण्याचं महत्त्व अलीकडेही दिसलं. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यातला एक आपला अंबाजोगाई. लोकांच्या लक्षात राहिलं ते श्रमदान: कुदळी, घमेली, गाणी. पण त्याआधी गावातली माणसं प्रशिक्षणाला जाऊन आली होती. शिवारात पाणी कुठून उतरतं, चर कुठे खणायचे, हे ती शिकून आली होती. ज्या गावांनी शिवाराची मोजणी धड केली नाही तिथेही घाम तेवढाच गळला, पण चर उताराच्या दिशेने खणले गेले की पाणी अडण्याऐवजी पळतं.

पेरणीला पहिला नंबर कुणाचा?

गट फुटतात ते बहुतेक याच प्रश्नावर. कर्ज, अनुदान, हिशेब हे वाद नंतर येतात. पहिला वाद जूनमध्येच होतो, पाऊस पडून वाफसा आला आणि यंत्र एकच असलं की.

याचं उत्तर जमिनीला विचारावं, माणसाला विचारलं की तंटा ठरलेला. हलकी, मुरमाड, बरड रानं पावसानंतर लवकर वाफशाला येतात आणि लवकर वाळतातही. काळी भारी रानं उशिरा वाफशाला येतात, पण ओल धरून ठेवतात. तेव्हा यंत्र आधी बरडावर, मग मध्यम रानात आणि शेवटी गाळाच्या काळ्या रानात न्यायचं. क्रम निसर्गानेच लावून ठेवला आहे, आपण तो फक्त आधी मान्य करायचा.

औसा तालुक्यातल्या एका गटाची अशी बैठक जवळून पाहिली. समाजमंदिराच्या फरशीवर खडूने शिवार काढलं होतं: वर माळ, मध्ये पांद, खाली नाला. प्रत्येकाने आपल्या रानातली मूठभर माती आणून ठेवायची, असं ठरलं होतं. तांबूस मुरूम, करडी, काळी अशा मातीच्या ढिगल्या खडूच्या चौकोनांत मांडल्या गेल्या, आणि बघता बघता नंबर दिसायला लागले. नाल्याकाठचे एक काका मात्र अडून बसले. दरवर्षी त्यांचं रान शेवटी पेरायचं म्हणजे काय? तास-दीड तास चांगलंच तापलं. एक पोरगा वैतागून म्हणाला, "काका, कशाला भांडायलाव आत्ताच? अजून पाऊस तर पडू द्या." त्यावर त्याच काकांनी सुनावलं, "पाऊस पडल्यावर भांडायला टाइम कुणाला असतोय?"

काकांचं बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की पेरणीत त्यांचा नंबर शेवटचा, तर मळणीयंत्र पहिल्यांदा त्यांच्या खळ्यावर जाईल, कारण नाल्याचं पाणी चढलं तर नुकसानही आधी त्यांचंच. हे सुचायला तो तास-दीड तास लागला. मे महिन्यात तेवढा वेळ देता येतो, वाफशाच्या दिवशी नाही.

एक सूचना: गटप्रमुखाचं रान पहिल्या नंबरात येत असेल तर ते का येतं, हे बैठकीत मातीसह दाखवावं. नाहीतर कारण खरं असलं तरी कुजबुज होतेच.

एक पेरणीयंत्र गटाला पुरेल का?

सोपा गुणाकार आहे, तरी कुणी करत नाही. समजा 15 जण, 60 एकर सोयाबीन. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र बांध, वळणं, चहापाणी धरून दिवसाला आठ एकर उरकतं. म्हणजे साडेसात दिवस. जूनमधला वाफसा इतके दिवस टिकेल याची हमी कुणी देत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी एकतर पुन्हा पाऊस येतो, नाहीतर ओल खाली जाते. म्हणजे दोन यंत्रं हवीत. दुसरं यंत्र मे महिन्यात इसार देऊन ठरवता येतं. जूनमध्ये मालक फोन उचलत नाही, आणि उचलला तर भाव वेगळा असतो.

रुंद सरी-वरंब्यावर पेरायचं असेल तर अजून आधी हलावं लागतं. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, म्हणून त्या यंत्राला मागणी वाढली आहे. पण यंत्रं कमी आणि ती नीट चालवणारे ड्रायव्हर त्याहून कमी.

आणि यंत्र आलं की लगेच रानात घालू नका. मे महिन्यातच कोरड्या जमिनीवर एकदा माप काढा. चार फणांचं यंत्र, दोन फणांत 45 सेंटिमीटर अंतर, म्हणजे रुंदी 1.8 मीटर. फणांच्या नळ्यांना पिशव्या बांधून 100 मीटर चालवायचं. 180 चौरस मीटर झालं, म्हणजे एकराच्या जवळपास साडेचार टक्के. एकरी 26 किलो बी टाकायचं असेल तर चारही पिशव्यांत मिळून साधारण 1,150 ग्रॅम भरलं पाहिजे. 1,500 ग्रॅम भरलं तर एकरी 34 किलो जातंय. 60 एकरांत साडेचार क्विंटलहून जास्त बी फुकट गेलं. एवढ्या कामाला अर्धा तास आणि दुकानातला वजनकाटा लागतो.

पाऊसच बेभरवशाचा. मग आधी ठरवून काय उपयोग?

मराठवाड्यात हा प्रश्न विचारायचा सगळ्यांना हक्क आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये याच भागात नद्या पात्र सोडून रानात शिरल्या आणि काढणीला आलेलं सोयाबीन डोळ्यांदेखत पाण्याखाली गेलं. अशा मुलखात "15 जूनला पेरणी" असं लिहिलेला कागद घरी नेऊन चुलीत घालावा.

म्हणून तारखा लिहायच्या नाहीत, अटी लिहायच्या. पहिली अट: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही. मृगाचा एक सडाका पडला, शेजारच्या गावात चाड्यावर मूठ धरली, म्हणून आपणही निघायचं, हे बंद. गटात एकाने घाई केली की दुसऱ्याच्या पोटात कालवतं. अट लिहून ठेवली असेल तर थांबणाऱ्यालाही आधार मिळतो.

पाऊस मोजायचा कसा? महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा मोबाइलवर मिळतो, पण मंडळाच्या गावी धो-धो आणि आपल्या शिवारात शिंतोडे, हे आपण पाहतोच. गटाने स्वतःचं पर्जन्यमापक घ्यावं. तेही नको असेल तर सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा स्टीलचा डबा उघड्या रानात, झाडापासून लांब ठेवा. रोज सकाळी पट्टी घालून पाणी मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. सगळ्या दिवसांची बेरीज दहा सेंटिमीटर झाली की 100 मिलिमीटर.

दुसरी अट उशिराची. मूग आणि उडीद यांची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापलीकडे नेऊ नये. पाऊस त्याहून लांबला तर बाजरी, सूर्यफूल, तूर, एरंडी यांतलं कुणी काय घ्यायचं, हे आत्ताच ठरवा. तिसरी अट दुबार पेरणीची. ती वेळ आली तर बी कुठून आणायचं? आमचं मत असं की घरच्या बियाण्यातला थोडा हिस्सा गटाच्या नावाने बाजूला राखावा आणि दुबारची वेळ टळली म्हणजे तो मोंढ्यावर, म्हणजे बाजार समितीत, विकावा. त्यासाठी राखीव हिश्शाला औषध चोळू नका. औषध चोळलेलं बी ना खायच्या कामाचं ना विकायच्या.

बियाण्याचं गटाने काय ठरवायचं? प्रत्येकजण आपापलं आणेलच की.

आणेल. पण कुणी दुकानातून, कुणी पाहुण्याकडून, कुणी कोपऱ्यातलं कीड लागलेलं पोतं. मग एकाच दिवशी पेरलेल्या रानांत उगवण वेगवेगळी, आणि दोष यंत्राला.

सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. सुधारित वाणाचं घरचं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं, दरवर्षी नवीन पिशवी लागत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एमएयूएस 71, एमएयूएस 158, एमएयूएस 162, एमएयूएस 612 हे वाण आपल्याकडे रुळलेले आहेत. गटाने दोनच वाण निवडावेत, एक लवकरचा आणि एक थोडा उशिराचा, म्हणजे काढणी एकाच आठवड्यात अंगावर येत नाही. विद्यापीठाचा स्थापना दिवस 18 मे. त्या सुमारास परभणीला खरीप मेळावा भरतो, बियाणंही मिळतं. पण रांगेत पंधरा जणांनी उभं राहण्यापेक्षा दोघांनी सगळ्यांचं आणावं.

उगवण तपासणी गटाने एकत्र करायची, हे मात्र पक्कं. प्रत्येक घरच्या पोत्यात वरून, मधून, तळातून हात घालून दाणे काढायचे. त्यातले न निवडता 100 मोजायचे. चांगले दाणे निवडून घेतले तर तपासणी कशाची? ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल राखायची. पाच-सात दिवसांनी उघडून धड कोंब आलेले दाणे मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर एकरी नेहमीचं बी. 60 आले तर 26 किलोच्या जागी साधारण 30 किलो. त्याहून खाली असेल तर ते बी पेरू नये, तेलाला घालवावं.

ही गुंडाळी सगळ्यांनी एकाच घरी ठेवावी, प्रत्येकीवर चिठ्ठी लावून. उघडायच्या दिवशी सगळे येतात. दुसऱ्याचे 84 आणि आपले 52 पाहिले की माणूस वाद घालत नाही, गुपचूप बदली बी शोधायला लागतो.

बीजप्रक्रियेचा क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी पेरणीच्या तोंडावर रायझोबियमसारखी जिवाणू खतं. सावलीत वाळवायचं. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, म्हणून पोती आपटू नयेत आणि उंच थप्प्या लावू नयेत. हे हमालाला सांगण्याची जबाबदारीही कुणाच्या तरी नावावर लिहा.

गटातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. बैठक घ्यायची कधी?

बीड, धाराशिव, जालन्यातल्या कितीतरी गटांची ही अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता गाव सोडतो आणि कारखाना बंद झाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येतो. फेब्रुवारीत बैठक घेतली तर गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. त्यांच्या माघारी नंबर लावले तर परतल्यावर ते म्हणणारच, "आम्हाला कुणी विचारलं?"

एक उपाय म्हणजे नंबर आणि पैशाचे विषय पाडव्यानंतर, सगळे परतल्यावरच घ्यायचे. त्याआधी माहिती गोळा करायची कामं उरकायची: कुणाचं किती रान, कुणाकडे किती बी. ज्यांना यायला उशीर होतो त्यांच्याशी फोनवर बोलायचं, आणि ते काय म्हणाले ते बैठकीत वाचून दाखवायचं. मुकादमाची उचल फिटायची राहिली असेल तर त्या घराकडे जूनमध्ये रोख पैसा नसतो, हेही ध्यानात ठेवा. त्यांच्याकडून वर्गणी पैशात न घेता दिवसांत घ्या.

काढणीचं गणितही याच लोकांवर अवलंबून असतं. 25 जूनला पेरलेलं 97 दिवसांचं वाण सप्टेंबरच्या शेवटी तयार होतं. गाडी-ट्रॅक्टर कारखान्याकडे निघण्याआधी सोयाबीन कापून व्हायला पाहिजे, नाहीतर गावात कापायला हात उरत नाहीत.

बायकांना बैठकीला बोलवायची गरज आहे का?

खुरपण कुणी करायचं, बी कुणी निवडायचं, कापणीला कुणी वाकायचं? या प्रश्नांची उत्तरं द्या, मग हा प्रश्न राहत नाही. पुरुषांनी केलेल्या वेळापत्रकात खुरपणी "दोन दिवस" लिहिलेली असते. ती चार एकरांत किती बायांना किती दिवस लागते, हे त्या कामावर गेलेल्या बाईलाच माहीत. शिवाय मजूर बायांची टोळी जमवणारीही बाईच असते. मुकादमीण म्हणा हवं तर.

बैठक रात्री आठला ठेवू नका. त्या वेळी तव्यावर भाकरी असते. आणि "आम्ही बोलावलं होतं, त्या आल्याच नाहीत" हे वाक्य वहीत लिहू नका.

हे सगळं लिहायलाच पाहिजे का? व्हॉट्सॲपवर टाकलं तर चालत नाही?

टाका. पण तासाभरात ते शुभ सकाळ, वाढदिवस आणि बाजारभावाच्या खाली गाडलं जातं. एक मोठा कागद समाजमंदिराच्या नाहीतर डेअरीच्या भिंतीला लावा: नंबर, रान, एकर, वाण, नाव, फोन. जाता-येता लोक बघतात, चुका सापडतात. "माझे साडेतीन एकर आहेत, चार लिहिलेत" हे मे महिन्यातच कळतं. सोबत एक दोनशे पानी रजिस्टर, ज्यात बैठकीचे निर्णय आणि सह्या-अंगठे.

एखादा ऐनवेळी फुटला तर?

फुटतो. कुणाचा मेहुणा स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन येतो, कुणाला नंबर आठवत नाही. त्याला गटातून काढून टाकण्याचा ठराव लगेच करू नका. पुढच्या आठवड्यात फवारणीला तोच माणूस लागणार आहे. नियम एवढाच असावा: ज्याने नंबर सोडला तो त्या फेरीत शेवटी जाईल आणि त्याच्या वाट्याचा इसार परत मिळणार नाही. हे आधी लिहिलेलं असलं की बोलाचाली होत नाही.

दुखणं, मयत, पोरीचं लग्न ही कारणं वेगळी. अशा घराचं काम गटाने आधी उरकून द्यावं. इर्जिकीतही तसंच होतं.

पैशाचं काय?

भाडं, डिझेल, औषधं यांचे दर मे महिन्यात ठरवा आणि कागदावर लिहा. वर्गणी एकरावर घ्या, माणसावर नको. दोन एकरवाला आणि बारा एकरवाला सारखीच रक्कम भरत असतील तर गट दुसऱ्या वर्षी दिसत नाही. पैसे एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे ठेवा. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

पेरणी झाली, आता ज्याचं त्याने बघायचं ना?

खतापुरतं ठीक आहे. किडी-रोगांचं तसं चालत नाही. पिवळा मोझॅक पांढरी माशी पसरवते, आणि माशीला बांध कळत नाही. तुम्ही रोगट झाडं उपटून टाकली आणि शेजाऱ्याने तशीच ठेवली, तर तुमची मेहनत पाण्यात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा, दोघा-दोघांच्या जोड्या करा आणि आपलं रान सोडून दुसऱ्याच्या रानात फिरायला लावा. स्वतःच्या पिकातला रोग माणसाला लवकर दिसत नाही.

काढणीचं नियोजन कधी करायचं?

पेरलेल्या दिवशी. वाण किती दिवसांचं आहे ते माहीत असतं, बोटांवर मोजा आणि भिंतीवरच्या कागदावर पेरणीच्या तारखेशेजारी काढणीचा आठवडा लिहून टाका. दुसरा रकाना ताडपत्रीचा. कापून बनीम, म्हणजे सोयाबीनची गंजी, लावली आणि हस्त नक्षत्राचा पाऊस आला की ज्याच्याकडे ताडपत्री आहे तो झोपतो, बाकीचे रात्रभर पळतात. 15 जणांनी 15 ताडपत्र्या घ्यायच्या का? बनिमी एकाच दिवशी लागत नाहीत, तेव्हा फिरत्या पाच-सहा मोठ्या ताडपत्र्या बहुधा पुरतात. मात्र ती कुणाकडून कुणाकडे गेली, ते वहीत हवं. ताडपत्री हरवली की सख्खे भाऊ बोलेनासे होतात.

बनीम उंचवट्यावर लावा, खाली काड्यांचा नाहीतर दगडांचा थर देऊन. नाल्याकाठी, "एक रात्रीचा प्रश्न आहे" म्हणून लावू नका. 2025 नंतर हे समजावून सांगावं लागत नाही.

मळणीयंत्राच्या ड्रमचे फेरे कमी करा, बियाण्यासाठी राखलेल्या पट्ट्यातला माल वेगळा मळा. फेरे जास्त असले की दाणे फुटतात आणि पुढच्या मे महिन्यातल्या गोणपाटात त्याचे आकडे दिसतात.

विक्रीही एकत्र करायची का?

जमली तर जरूर. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, पण केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांपर्यंतच चालतो आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. ई-पीक पाहणी राहिली म्हणून माल परत आणणारा माणूस दरवर्षी प्रत्येक गावात असतो. ऑगस्टमध्ये गटातल्या एका पोराने प्रत्येक बांधावर जाऊन सगळ्यांची नोंद करून घ्यावी. मोंढ्यावर विकायचं असेल तर माल एकत्र करून गाडी भरावी, म्हणजे भाडं वाचतं आणि आडत्यासमोर बोलायला बळ येतं. त्यापुढे कंपनी स्थापन करणं वगैरे विषय मोठे आहेत, पहिल्या वर्षी त्यात पडू नये.

नियोजन जास्तही होऊ शकतं का?

होतं. एका गटाच्या वहीत चहाची पाळीसुद्धा लिहिलेली होती. ज्या कामात एकाची चूक दुसऱ्याला भोवते, तेवढंच गटाने ठरवावं. भाकरी कुणी कधी खायची, तूर आंतरपीक घ्यायचं की नाही, बैलाने कोळपायचं की यंत्राने, हे ज्याचं त्याच्यावर सोडा. बैठकाही मोजक्या असाव्यात: पाडव्यानंतर एक, मृगाआधी एक, पोळ्याला एक आणि दसऱ्याआधी एक. पोळ्याला गाव हजर असतं, बैलं सजवून झाली की तास काढता येतो. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला सगळे रानातच जेवतात. आंबील पिऊन झाल्यावर वर्षभराच्या चुका मोकळेपणाने निघतात, त्या कुणीतरी लिहून घ्याव्यात.

मृग निघाला, आमचं अजून काहीच ठरलेलं नाही. यंदा राहू द्यावं का?

राहू देऊ नका, पण सगळं करायलाही जाऊ नका. आज रात्री तीन गोष्टी होऊ शकतात. प्रत्येक घरचे 100 दाणे ओल्या गोणपाटात घालणं, कारण त्याला पाच-सात दिवस लागतात आणि ते कुणासाठी थांबत नाहीत. ट्रॅक्टरवाल्याला फोन करून इसार पोहोचवणं. आणि बरड, मध्यम, काळं एवढ्या तीन टप्प्यांत रानं वाटून नंबर लावणं. ताडपत्र्या, विक्री हे विषय पेरणीनंतरच्या बैठकीला घ्या. नंबरावर एकमत झालं नाही तर चिठ्ठ्या टाका, पण चिठ्ठ्या त्या-त्या टप्प्याच्या आतच टाका. काळ्या रानाची चिठ्ठी पहिली निघाली म्हणून यंत्र चिखलात घालून चालायचं नाही.